श्रवणाची अमानत

एके दिवशी फजरनंतर मी इअरफोन लावून मातापित्यांच्या हक्कांवरील पॉडकास्ट ऐकत होतो. शेजारच्या खोलीतून आईने तीनदा पाणी मागितले. मला ऐकूच आले नाही. त्या लाजेतून हा पाठ लिहीत आहे.

दीन, काव्य, संसार असे सारे विषय आता सकाळीच कानाशी येतात. ही नेमतच आहे. परंतु प्रत्येक श्रवणाचा शिष्टाचार वेगळा.

कुरआनपठण चालू असता लक्षपूर्वक ऐकावे व मौन पाळावे, अशी आज्ञा सूरह अल्-आराफच्या 204 व्या आयतीत आहे. स्वयंपाक करता करता मन लावून ऐकण्यास हरकत नाही. पण गप्पाही चालू आणि पठणही चालू, असे नसावे. बोलायचे असेल तर आधी पठण थांबवावे.

काव्यही वर्ज्य नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हस्सान बिन साबित (रजि.) यांचे काव्य ऐकले. आपल्या जिल्ह्यातील श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओव्यांत रचला. काव्य असो वा संसाराच्या गोष्टी, ऐकलेले पारखून उत्तम तेच आचरावे, हे मार्गदर्शन सूरह अज्-जुमरच्या 18 व्या आयतीतून मिळते.

कान, डोळे आणि हृदय यांविषयी जाब विचारला जाणार आहे (सूरह बनी इस्राईल, 36). म्हणून ऐकताना एक कान घरासाठी मोकळा ठेवावा. हाक आली की प्रथम उठावे.

अल्लाह आम्हां सर्वांना ऐकलेले आचरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.