छर्ऱ्याची बंदूक: स्प्रिंग काढून गॅस पिस्टन बसवावा का?

प्रश्न: वडिलांची तीस वर्षांपूर्वीची छर्ऱ्याची बंदूक माझ्याकडे आहे. सुट्टीच्या दिवशी परसात पुठ्ठ्यावर नेम धरतो. हल्ली चाप ओढला की आतून ‘झण्ण’ असा आवाज येतो आणि वर बसवलेल्या दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात. ओळखीचे एक मिस्त्री म्हणतात, ‘स्प्रिंग काढून गॅस पिस्टन घालू. बंदूक गप्प होईल आणि ताकदही वाढेल.’ घालावा का? आणि पुढे नको वाटला तर परत स्प्रिंग बसवता येते का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: आधी ‘गॅस’ या शब्दाचा घोळ मिटवू. गॅस पिस्टनच्या बंदुकीतही छर्रा हवेनेच उडतो, तुमच्या बंदुकीत उडतो तसाच. तुम्ही नळी खाली मोडता तेव्हा पिस्टन मागे सरकतो आणि त्याच्या पाठीमागची स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की पिस्टन सुटतो आणि सिलिंडरातली हवा चेपत पुढे धावतो. ती हवा एका बारीक भोकातून छर्ऱ्याच्या पाठीशी येते आणि छर्रा निघतो. हा सगळा व्यवहार डोळ्याची पापणी लवण्याआधी आटोपतो. गॅस पिस्टनमध्ये बदलतं ते एवढंच, की स्प्रिंगच्या जागी एक बंद नळकांडं येतं. त्यात बहुधा नायट्रोजन दाबून कोंडलेला असतो आणि तो बाहेर येत नाही. मोटारीच्या डिकीचं झाकण वर तोलून धरणारा काळा दांडा तुम्ही पाहिला असेल. हे नळकांडं त्याच जातीचं.

ही युक्ती रायफलीत रुजवली इंग्लंडच्या ‘थिओबेन’ कंपनीनं, १९८०च्या दशकात. थिओबाल्ड आणि बेन टेलर या दोघांच्या नावांतून कंपनीचं नाव जुळवलेलं. त्यांची ‘सिरोको’ रायफल गाजली. पुढे जर्मनीच्या वायराउखनं त्याच पद्धतीची एचडब्ल्यू ९० काढली आणि अमेरिकेच्या क्रॉसमननं ‘नायट्रो पिस्टन’ या नावानं ही कल्पना स्वस्त बंदुकांपर्यंत नेली.

आता ताकद. मिस्त्रींचं म्हणणं इथे मला पटत नाही. छर्ऱ्याला किती जोर मिळणार हे मुख्यतः सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा पल्ला यांवर ठरतं, कारण दाबायला हवा तेवढीच असते. मागून ढकलणारा बदलला तरी हवेचं माप तेच राहतं. गॅसचा दांडा फार कडक घेतला तर पिस्टन भिंतीवर आपटल्यासारखा पुढे जातो, बंदूक हादरते, आणि छर्ऱ्याचा वेग मात्र फारसा वाढत नाही. शिवाय कायदा आहे. आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. ०.५३ ग्रॅमचा साधा छर्रा सेकंदाला २७५ मीटर वेगाने निघाला की २० ज्यूल भरले! पुठ्ठ्याला भोक पाडायला याच्या निम्मी ताकदही पुष्कळ होते. ऑलिंपिकच्या दहा मीटर स्पर्धेतल्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या आसपास असतात, आणि अंजली भागवत, रुद्रांक्ष पाटील यांच्यासारख्यांनी तेवढ्याच ताकदीवर जग जिंकलं.

मग गॅस पिस्टनचा खरा फायदा कशात? दोन गोष्टींत. दाबलेली स्प्रिंग मोकळी होताना नुसती लांबत नाही, थोडी फिरतेही. त्या पिळामुळे बंदुकीला किंचित कलाटणी बसते. गॅसला पीळ नसतो. दुसरं म्हणजे बंदूक भरून तासभर ठेवली तर स्प्रिंग हळूहळू दबते, गॅसला त्याचं काही वाटत नाही. झणझणाट तर नाहीच, एक कोरडा ‘ठक्’ आणि संपलं. पण दोन्ही प्रकारांत जड पिस्टन आधी पुढे सुटतो, म्हणून बंदूक मागे ढकलली जाते. मग शेवटी पिस्टन दाबलेल्या हवेच्या उशीवर आदळून थांबतो, तेव्हा तीच बंदूक पुढे ओढली जाते. हा दुहेरी झटका साध्या दुर्बिणींना सोसत नाही. तुमचे स्क्रू त्यानेच सैल होतात, आणि गॅस पिस्टनने तो थांबणार नाही. उलट झटका थोडा तीक्ष्ण होईल. दुर्बीण हवेच्या बंदुकीसाठीच बनवलेली घ्या आणि बंदूक मुठीत आवळून न धरता उघड्या तळव्यावर टेकू द्या. छर्रे एका जागी पडायला लागतील.

गॅसचं एक लक्षण आपल्या हवामानात लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोंडलेल्या गॅसचा दाब तापमानाबरोबर वर-खाली होतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंश धरले, तर दाबात सुमारे १२ टक्क्यांचा फरक पडतो. दुर्बिणीचा नेम उन्हाळ्यात लावला असेल तर थंडीत छर्रा खाली पडणारच. स्प्रिंगच्या बाबतीत हा फरक जवळजवळ नसतो, फक्त गारठ्यात ग्रीस घट्ट होतं.

आता मुख्य मुद्दा: बसेल का? बंदुकीचा पिस्टन काढून आत डोकावा. काही पिस्टन पोकळ असतात आणि चापाची कडी त्यांच्या काठाला किंवा बाजूच्या खाचेला अडकते. गामोसारख्या बंदुकांत असं असतं, तिथे गॅसचा दांडा पोकळीत सरळ बसतो. काही पिस्टनांच्या मधोमध मात्र लांब सळई असते, तिच्या टोकाला चाप पकडतो आणि स्प्रिंग त्या सळईभोवती बसते. जर्मन वायराउखचा प्रसिद्ध ‘रेकॉर्ड’ चाप याच धर्तीचा आहे. अशा ठिकाणी साध्या दांड्याला जागाच नाही, कारण मधली जागा सळईनं घेतलेली. म्हणूनच एचडब्ल्यू ९० मध्ये ‘रेकॉर्ड’ न ठेवता ‘एलीट’ नावाचा वेगळा चाप घालावा लागला. आपल्याकडच्या जुन्या घरांत इंडियन ह्यूम पाइपच्या ‘नॅशनल’ बंदुका अजून सापडतात. अशी जुनी बंदूक असेल तर मी सळई कापायला किंवा पिस्टनचं लेथवर काम करायला कुणालाही देणार नाही. कडी अर्धवट अडकली आणि नळी मोडलेली असताना पिस्टन सुटला, तर नळी झटक्यात मिटते. बोटं तिथेच असतात.

त्यापेक्षा झणझणाटाचं मूळ पाहा. स्प्रिंग काढून काचेवर लोळवा. सरळ असेल तर गडगडत जाईल, वाकलेली असेल तर अडखळत, लटपटत जाईल. मग आतल्या मार्गदर्शक नळीवर ती चढवा. सैल खेळत असेल तर आवाज तिथूनच येतोय. नवी स्प्रिंग, तिला घट्ट बसणारी प्लॅस्टिकची मार्गदर्शक नळी, टोकाखाली एक गुळगुळीत वॉशर आणि स्प्रिंगवर दाट ग्रीसचा पातळ हात, एवढ्यावर बहुतेक बंदुका गप्प होतात. पिस्टनच्या तोंडाचा चामड्याचा वॉशर सुकला असेल तर तोही बदला. सिलिंडरात मात्र तेल ओतू नका. दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं, मोठा बार होतो, धूर निघतो आणि स्प्रिंग तुटू शकते.

हे काम घरी करताना एक काळजी जरूर घ्या. बंदूक भरलेली नसली तरी आतली स्प्रिंग काही सेंटिमीटर दाबलेलीच असते. पहिल्यांदा मी मागचं बूच हातानेच उलगडलं. शेवटच्या आट्याला ते सुटलं, माझ्या मनगटाला घासून समोरच्या भिंतीवर आदळलं आणि गिलाव्याचा टवका उडाला. तेव्हापासून स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा लावल्याशिवाय मी एकही बंदूक उघडलेली नाही.

गॅसवरून परत स्प्रिंगवर येणं बहुधा सोपं असतं. पोकळ पिस्टन असेल तर योग्य लांबीची स्प्रिंग, मार्गदर्शक नळी आणि पिस्टनच्या आतली टोपी मिळवली की झालं. हात्सानसारखे काही उत्पादक एकाच रायफलीच्या दोन्ही आवृत्त्या काढतात, तिथे सुटे भाग एकमेकांना जुळतात का ते विचारून पाहा. बरेच लोक मुद्दाम हा उलटा बदल करतात, कारण स्प्रिंग घरी दुरुस्त होते आणि गॅसचा दांडा एकदा गळायला लागला की फेकून नवाच आणावा लागतो. मूळ भाग एका डब्यात तेलाचा हात लावून जपून ठेवा. निकामी वाटणाऱ्या गॅसच्या दांड्यातही दाब शिल्लक असू शकतो. तो भंगारवाल्याला देताना तसं सांगून द्या. त्याला भोक पाडू नका, करवत लावू नका, आगीजवळ नेऊ नका.