आकडा कुणाकडे मागायचा?

शारजाच्या रोल्ला भागात मी व्यापाऱ्यांच्या बिलिंगचे सर्व्हर सांभाळतो. ऑफिसखालच्या एक्स्चेंजपुढे गावी पैसे पाठवणाऱ्यांची रांग असते. मोबाइलवरून पाठवले तरी त्या व्यवहाराची गुप्त किल्ली एका रँडम आकड्यातूनच जन्मते. तो आकडा काढायचा कुणी, याबद्दल या कामाने शिकवलेलं इथे सांगतो.

१. संगणकाला मनमानी करता येत नाही. त्याच सूचना दिल्या की तेच उत्तर येतं. त्यामुळे अनिश्चितता बाहेरूनच आणावी लागते: दोन कळा दाबण्यातलं अंतर, डिस्कने उत्तर द्यायला घेतलेला वेळ, नेटवर्कचं पॅकेट नेमकं कोणत्या क्षणी आलं ते. या घडामोडी थेट दिसतात त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला. थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिनक्सचा रँडम आकड्यांचा स्रोत कर्नलमध्येच ठेवला, तो त्यामुळेच.

२. ज्याने त्याने आपापली सोय केली की घात होतो. १९९५ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर घड्याळाची वेळ आणि प्रोसेसचे क्रमांक यांवरून किल्ली बनवत होता. इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी ते उघडकीला आणलं. पुढे डेबियन या लिनक्सच्या वितरणात, किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीच्या कोडमधली एक ओळ काढली गेली. ही लायब्ररी अनिश्चिततेचा आपला साठा स्वतःच राखत असे. ओळ गेल्यावर त्यात प्रोसेस क्रमांकाखेरीज काही उरलं नाही. एका प्रकारच्या शक्य किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारांवर आल्या. २००६ ते २००८, दोन वर्षं हे कुणाला दिसलं नाही. किल्ली दिसायला अगदी खरीच दिसते, याची मला आजही धास्ती वाटते.

३. गणित चोख असूनही आकडे जुळे निघू शकतात. प्रोसेस फोर्क झाली की तिच्या मेमरीतल्या जनरेटरचीही हुबेहूब प्रत होते आणि दोघी तेच आकडे देऊ लागतात. फोर्क झाल्याचं कर्नलला ठाऊक असतं. पण अख्ख्या व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन तो दोनदा चालू केला तर कर्नलचीही प्रत होते, आणि त्याला पत्ता नसतो! तिथे खालच्या हायपरवायझरनेच कळवावं लागतं. लिनक्सने ती सोय २०२२ मध्ये केली.

४. रँडमपणा वापराने संपत नाही. चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागतं, तसं २५६ बिटांचं चांगलं बीज हाती आलं की त्यावर हवे तितके आकडे निघतात. असे आकडे देणारं लिनक्सचं /डेव्ह/रँडम मात्र वर्षानुवर्षं ‘साठा संपला’ म्हणून अडून बसायचं. एकदा बीज मिळाल्यावर अडायचं नाही, हे २०२० मध्ये ठरलं.

५. खरी कसोटी मशीन सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांची. नवा सर्व्हर उठला की मी लॉगमध्ये ‘सीआरएनजी इनिट डन’ (बीज तयार झालं) ही ओळ शोधतो आणि तिच्या डावीकडचे सेकंद वाचतो. त्याआधी कुणी किल्ली बनवली असेल तर ती मला नको. हा धोका कल्पनेतला नाही: २०१२ च्या एका मोठ्या पाहणीत नेटवर्कवरच्या असंख्य राउटरसारख्या उपकरणांच्या किल्ल्या एकमेकींशी जुळल्या होत्या, कारण पहिल्यांदा चालू होताना त्यांच्याजवळ पुरेशी अनिश्चितताच नव्हती. उलट २०१९ मध्ये फाइलसिस्टिम सुधारून डिस्कची कामं घटवली, तर बीज जमेना आणि काही मशीन सुरू होतानाच ताटकळल्या. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आधी ती सुधारणाच मागे घेतली. मग प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून कर्नलने स्वतः बीज जमवावं अशी तजवीज केली.

६. कर्नलकडूनच आकडे घ्यायचे तर वेग घटतो, ही तक्रार मात्र रास्त होती. दर आकड्यासाठी कर्नलचं दार ठोठावणं महाग पडतं. २०२४ च्या ६.११ आवृत्तीपासून आकडे प्रोग्रॅमच्या जवळच तयार होऊ शकतात, पण बीज कधी बदलायचं हे कर्नलच सांगतो. मला ही वाटणी पटते.

तेव्हा किल्ली हवी असेल तर आकडा कर्नलच्या गेटरँडम या कॉलकडे मागा. घड्याळाकडे नको, आणि स्वतः रचलेल्या हुशार सूत्राकडे तर मुळीच नको.