घटस्फोटानंतरची वाटणी : मालमत्ता आणि कर्ज

विवाह जुळतो तेव्हा दोन माणसे एकत्र येतात. तो मोडतो तेव्हा घर, दागिने, ठेवी आणि कर्जे यांचाही निवाडा करावा लागतो. हा निवाडा कसा व्हावा, याविषयी भारतात सर्वत्र एकच नियम नाही. दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होईल.

दिल्लीतील रामकृष्ण पुरम, म्हणजे आर. के. पुरम, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. समजा, तेथील सरकारी निवासस्थानात एक मराठी दांपत्य राहते. निवासस्थान पतीला नोकरीमुळे मिळालेले आहे. ते सरकारच्या मालकीचे असल्यामुळे वाटणीत येत नाही. परंतु पतीने स्वतःच्या नावे एक सदनिका विकत घेतली असून तिच्या कर्जाचे हप्ते त्याच्या वेतनातून जातात. पत्नीचे वेतन मात्र किराणा, मुलांचे शिक्षण आणि सासूचे औषधपाणी यांत खर्च होते. घटस्फोट झाल्यास सदनिका कोणाची?

हिंदू विवाह अधिनियम, 1955 मध्ये पतिपत्नीची सर्व मिळकत सामाईक मानण्याचा नियम नाही. ज्याच्या नावे मालमत्ता, तो सर्वसाधारणपणे तिचा मालक. कलम 27 अन्वये न्यायालय जी वाटणी करू शकते, ती विवाहाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि उभयतांच्या मालकीच्या वस्तूंपुरती. स्त्रीधन पत्नीचेच राहते. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितले. कलम 25 अन्वये कायम पोटगी ठरविताना पतीची मिळकत विचारात घेतली जाते. परंतु पोटगी मिळणे वेगळे आणि मालकीचा वाटा मिळणे वेगळे. घरखर्चात विरून गेलेल्या वेतनाची खूण मालकीपत्रावर उमटत नाही.

कर्जाचेही तसेच आहे. कर्जाच्या करारावर ज्याची सही, त्याच्याकडे बँक पैसे मागते. पत्नीने सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर घटस्फोटाने ती त्या दायित्वातून सुटत नाही.

आता गोव्याकडे वळू. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे एकोणिसाव्या शतकात लागू झाली आणि 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरही तिचा कौटुंबिक भाग कायम राहिला. हा कायदा सर्व धर्मांच्या गोमंतकीयांना लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर काही अपवाद वगळता उभयतांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. नाव कोणाचे, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

समजा, मडगावच्या एका दांपत्याजवळ 60 लाख रुपयांची सदनिका आणि 10 लाखांची ठेव आहे. सदनिकेवर 20 लाखांचे सामाईक कर्ज आहे. एकूण मालमत्ता 70 लाख. कर्ज वजा जाता 50 लाख. प्रत्येकाचा वाटा 25 लाख. पत्नीने सदनिका कर्जासह स्वतःकडे ठेवली, तर तिच्याकडे 40 लाखांचे मूल्य येते. पतीला ठेवीचे 10 लाख मिळतात. म्हणून पत्नीने पतीला 15 लाख द्यावेत, म्हणजे दोन्ही पारडी समान होतात.

या पद्धतीलाही दुसरी बाजू आहे. जेथे मिळकत सामाईक, तेथे संसारासाठी काढलेले कर्जही सामाईक. निम्म्या हक्काबरोबर निम्मा भारही येतो.

उर्वरित भारतात असा वाटा देण्याचा प्रयत्न झाला होता. पतीच्या मालमत्तेतून पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये संमत केले; परंतु लोकसभेची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व देणी शपथपत्रावर उघड करावीत, असा दंडक घातला. त्यामुळे लपविलेली मिळकत उजेडात येण्यास साहाय्य होते. मालकी मात्र बदलत नाही.

म्हणूनच आर. के. पुरममधील त्या पत्नीच्या दृष्टीने खरा प्रश्न घटस्फोटाच्या दिवशी नव्हे, तर सदनिकेच्या खरेदीच्या दिवशीच उभा राहिलेला असतो. खरेदीखतावर दोघांची नावे घालणे, हप्त्यांतील आपला भाग आपल्या खात्यातून भरणे आणि स्त्रीधनाची यादी जपून ठेवणे, या गोष्टी अविश्वासाच्या नव्हेत. संसारातील श्रमाची ती साधी नोंद होय.