सेवेचा अभ्यास : फोनमधलं मोठं चित्र डीव्हीडीत लहान का होतं?



कुटुंब-गटांत एक प्रश्न परत परत येतो. "ताई, उत्सवाचं शूटिंग फोनवर इतकं स्वच्छ दिसतं, आणि डीव्हीडी करून टीव्हीवर लावली की पुसट का? सॉफ्टवेअर बदलूया का? विकतचं घेऊया का?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच इथे मांडते. थोडं लांबेल, पण डीव्हीडी करण्याची सेवा ज्यांच्याकडे आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. आणि ज्यांच्या फोनमध्ये मूळ शूटिंग आहे त्यांनी तर नक्कीच, कारण खरी काळजी त्यांच्या हातात आहे.

आधी कुणीतरी विचारेलच, आजच्या काळात डीव्हीडी कशाला? मांद्रे, कोरगाव, धारगळ, इकडे मये, नार्वे, साखळी, कारापूर, या गावांतून आपली बरीच वयस्कर मंडळी आहेत. त्यांना फोनवर व्हिडिओ उघडता येत नाही, आणि उघडला तरी इतक्या लहान पडद्यावर डोळे पोचत नाहीत. टीव्हीखाली ठेवलेला प्लेअर मात्र त्यांना चालवता येतो. तबकडी आत सारायची, बटण दाबायचं. त्यांच्यासाठी डीव्हीडी करायची, म्हणून ती नीट करायची.

आता मूळ मुद्दा. *डीव्हीडीचं चित्र किती मोठं असावं हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, डीव्हीडीचा नियम ठरवतो.* आपल्याकडच्या पाल पद्धतीत पूर्ण आकार एकच, ७२० बाय ५७६ ठिपके. त्याखाली ७०४ बाय ५७६, ३५२ बाय ५७६ आणि ३५२ बाय २८८ एवढे चालतात. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८०. याच्या वरचं काही नाही. फुकटचं डीव्हीडी-स्टायलर घ्या, नीरो घ्या, विंडोज ७ मध्ये आयतं मिळायचं ते डीव्हीडी मेकर घ्या, कुठेच १०८० चा पर्याय सापडणार नाही. लपवलेलाही नसतो. पैसे भरून महागाचं सॉफ्टवेअर घेतलं तर मेनूची सजावट चांगली मिळेल, रूपांतराचा दर्जाही थोडा सुधारेल, पण चित्राचा आकार तोच.

हा ५७६ चा आकडा आला कुठून? जुन्या टीव्हीचं चित्र आडव्या रेघांनी बनायचं. पाल पद्धतीत एकूण ६२५ रेघा, त्यातल्या ५७६ रेघांत चित्र. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीवर. त्याच वर्षी टीव्हीचं चित्र आकड्यांत कसं साठवायचं याचा आंतरराष्ट्रीय नियम ठरला आणि एका रेघेत ७२० ठिपके धरले गेले. डीव्हीडी प्लेअर १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीला आले तेव्हा घराघरांत हेच टीव्ही होते, म्हणून तबकडीही त्याच मापाची. आपल्या आजीच्या घरातला प्लेअर आजही तेवढंच वाचतो. सॉफ्टवेअरने जबरदस्तीने मोठं चित्र लिहून दिलं तर प्लेअरला ती तबकडी नीट चालवता येणार नाही.

हिशोब करून बघूया. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोनचं फुल एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट! आणि फोर-के म्हणजे वीसपट. म्हणजे एचडी शूटिंगची डीव्हीडी करताना पाच ठिपक्यांचा एक होतो. चवथीच्या माटोळीचं उदाहरण घ्या. फोनमध्ये सुपारीचा घोस, आंबाडे, तोरिंगण, रानातली बारीक फुलं सगळं वेगवेगळं ओळखता येतं. डीव्हीडीवर ती एक हिरवी-पिवळी झालर दिसते. म्हणून माटोळीचं, पालखीच्या सजावटीचं, पोथीच्या पानाचं शूटिंग लांबून एकदा घेऊन थांबू नका, जवळ जाऊन एकेक भाग घ्या. तबकडीच्या मापाचं भान शूटिंग करतानाच ठेवायचं असतं.

*फोन आडवा धरा.* हे किती वेळा सांगितलं तरी कमीच. उभ्या फोनने घेतलेलं चित्र रुंद टीव्हीच्या चौकटीत बसवलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. डीव्हीडीच्या ७२० ठिपक्यांपैकी जेमतेम २२८ ठिपक्यांत चित्र उरतं, बाकी सगळा काळोख. म्हणजे आधीच पाचवा हिस्सा, त्याचाही एक-तृतीयांशापेक्षा कमी भाग. चेहरे ओळखू येत नाहीत ते यामुळे, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला!

डीव्हीडी-स्टायलर उघडल्यावर पहिल्याच चौकटीत तो या गोष्टीही विचारतो : तबकडीची क्षमता, पाल की एनटीएससी, पडद्याचं प्रमाण ४:३ की १६:९, आणि आवाजाचा प्रकार. प्रमाणाकडे नीट बघा. आडव्या फोनचं शूटिंग असेल तर १६:९. जुन्या कॅसेटवरचं असेल तर ४:३. इथे उलटं झालं की महाराज जाड किंवा काटकुळे दिसतात. ठिपके दोन्हीकडे तेवढेच, ७२० बाय ५७६. फक्त ते किती ताणून दाखवायचे याची खूण तबकडीवर लिहिली जाते. एखाद्या घरी जुना चौकोनी टीव्ही असेल तर त्यांच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये '४:३ लेटरबॉक्स' निवडून द्या, वर-खाली काळी पट्टी येईल पण कडेचं काही कापलं जाणार नाही.

पाल की एनटीएससी हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं, बहुतेक फोन मात्र ३० घेतात. रूपांतरात दर सेकंदाला पाच चित्रं गाळली जातात. प्रवचनात, नामजपात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. फुगडीत, दिंडीत, पालखी नाचवताना मात्र हिसके दिसतात. माझं मत असं : प्रवचन असेल तर पाल करा, कारण रेघा जास्त मिळतात. नाच-फुगडीच जास्त असेल तर एनटीएससी करून बघा, रेघा ४८० होतील पण हालचाल सुरळीत राहील. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. फोनच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय असेल तर सगळ्यात उत्तम, शूटिंगच्या आधीच तो लावून ठेवा.

या २५ च्या नियमाची एक गंमत सांगते. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनिसांचा. बोलपट सेकंदाला २४ चित्रं या वेगाने घेतलेले असतात. असा चित्रपट पाल डीव्हीडीवर घालताना साधारणपणे २५ च्या वेगाने चालवतात. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट सुमारे पाच मिनिटं लवकर संपतो, आणि मुद्दाम दुरुस्त केला नाही तर सूरही चढतो. पेटीवरच्या काळी-पांढरी अशा शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ पाऊण. डीव्हीडी लावून पेटीची साथ करायला बसणाऱ्यांना पेटी का जुळत नाही याचं एक कारण हेही असू शकतं.

पण त्या उदाहरणातली खरी गोष्ट वेगळी आहे. अशा चित्रपटांचं मूळ ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर असतं. डीव्हीडी कितीही पुसट असली तरी फिल्म जपलेली असेल तर तीवरून पुन्हा नव्याने, मोठ्या मापाचं चित्र काढता येतं. आपलं तसं नाही. आपल्या सत्संगाचं मूळ म्हणजे कुणाच्या तरी फोनमधली फाइल. डीव्हीडी झाली, गटात आनंद झाला, आणि फोन भरला म्हणून दुसऱ्या दिवशी फाइल पुसली, की वीस ठिपक्यांतले एकोणीस कायमचे गेले. कॅसेटच्या काळातही हेच होत असे. स्टुडिओवाले पुष्कळदा टेप पुसून परत वापरायचे, आणि घरी उरायची ती फक्त एक तबकडी. ज्यांचे आवाज त्या तबकडीत आहेत त्यातले कितीतरी आज नाहीत. म्हणून विनंती : *डीव्हीडी ही प्रत आहे, मूळ नव्हे. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत गेल्याशिवाय फोनमधून पुसू नये.* आणि ती फाइल व्हॉट्सॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथेही चित्र आवळलं जातं. केबलने उतरवून घ्या किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

काही वेळा सॉफ्टवेअर फाइल घेतच नाही, किंवा घेतं आणि आवाज-ओठ जुळत नाहीत. नवे फोन एच२६५ नावाच्या प्रकारात साठवतात, जुन्या सॉफ्टवेअरला तो माहीतच नाही. शिवाय फोन चित्रांचा वेग कमी-जास्त करत असतो, त्यातून आवाज हळूहळू मागे पडतो. दोन्हीवर उपाय एकच : हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी फाइल घालून एच२६४ आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, मग ती डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला द्या.

एका तबकडीत किती घालायचं? साध्या तबकडीवर ४.७ जीबी. चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटची परवानगी. एक तास घातला तर हवा तेवढा दर्जा मिळतो, त्याहून कमी घालून चित्र सुधारत नाही. दोन तास घातले की आवाज धरून सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, प्रवचनाला पुरे. तीन तासांत साडेतीनच्या आसपास, आणि तिथे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. कोजागिरीला पेडण्याची पुनाव, किंवा रात्रीचा भजनी सप्ताह, असं अंधारातलं शूटिंग असेल तर आणखी सांभाळा. अंधारात कॅमेरा जी बारीक खसखस दाखवतो ती सॉफ्टवेअरला हालचालच वाटते आणि सगळे मेगाबिट तिच्यावर खर्च होतात. रात्रीचं शूटिंग असेल तर तबकडीत सव्वा तासाच्या वर मी जाणार नाही. एक तबकडी जास्त लागली तर लागू दे.

आता अक्षरं. शूटिंगवर अभंग किंवा स्तोत्र लिहून दाखवतात ना, तिथे मराठीची स्वतःची अडचण आहे : शिरोरेषा. जुन्या टीव्हीवर एक आड एक रेघ दाखवली जाते. शिरोरेषा एकाच रेघेइतकी पातळ असली तर ती लुकलुकते, आणि वयस्कर डोळ्यांना त्याचा फार त्रास होतो. म्हणून जाड वळणाचा फाँट घ्या, पडद्यावर एका वेळी चार ओळींपेक्षा जास्त नको, आणि चारी कडांपासून दहावा हिस्सा जागा सोडा, कारण जुने टीव्ही कडा झाकतात. संगणकाच्या पडद्यावर सुंदर दिसतं यावर जाऊ नका.

जुनं साहित्य ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी चांगली बातमी. मिनी-डीव्ही कॅसेटचं चित्र मुळातच ७२० बाय ५७६, म्हणजे डीव्हीडीला अगदी मापाचं. व्हीएचएसला तर ३५२ बाय ५७६ सुद्धा पुरतं. जुन्या भजनांच्या व्हीसीडी ३५२ बाय २८८ च्या, ते मापही डीव्हीडीला मान्य आहे. फक्त त्यांचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, तो ४८ करावा लागतो. "एचडी करून देतो" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. चित्र ताणून मोठं होतं, नवीन काही त्यात येत नाही. प्लेअरच्या खोक्यावर '१०८० अपस्केलिंग' लिहिलेलं असतं तेही तेच. आणि डीव्हीडीवरून डीव्हीडी करायची असेल तर परत सॉफ्टवेअरमधून काढू नका, तबकडीची जशीच्या तशी प्रत करा, दर्जा तसाच राहतो.

ज्यांच्याकडे नवा टीव्ही आहे त्यांना डीव्हीडी देऊच नये असं मला वाटतं. पेन ड्राइव्हवर १०८० ची एमपी४ फाइल द्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही, तेव्हा शूटिंगचे दोन-तीन भाग करून घाला.

तबकडी लिहिताना वेग कमी ठेवा, आणि झाल्यावर संगणकावर नव्हे, एखाद्या जुन्या प्लेअरवर पूर्ण लावून बघा. नाव तबकडीसाठीच्या मार्करने लिहा, बॉलपेन नको, चिकटपट्टी नको. आपल्याकडे जूनपासून कपाटात बुरशी धरते हे काही तुम्हाला सांगायला नको. तबकड्या डबीत उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

पेडण्याच्या आणि डिचोलीच्या गटांनी आपल्याकडे कुणाच्या घरी प्लेअर आहे, टीव्ही चौकोनी की रुंद, आणि मूळ फाइल कुणाच्या फोनमध्ये आहेत, एवढी यादी आपापल्या गटप्रमुखांकडे द्यावी. पुढच्या पाठात आवाज : घुमट आणि शामेळ जोरात वाजले की फोनमध्ये आवाज का फाटतो ते बघू. 🙏