सभागृहातील प्रश्न आणि गावातील पाणी

लोकशाही विकेंद्रीकरणाचा मार्ग महाराष्ट्राने १ मे १९६२ रोजी प्रत्यक्षात स्वीकारला, त्यास आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली आपला अहवाल सादर केला. जिल्हा हा या रचनेचा प्रमुख घटक असावा, असे समितीने सुचविले आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ संमत झाला. प्रारंभी राज्यात २५ जिल्हा परिषदा होत्या. आज त्यांची संख्या ३४ आहे. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पिण्याचे पाणी, पशुवैद्यकीय दवाखाने अशा ज्या सेवांशी ग्रामीण माणसाचा दररोज संबंध येतो, त्यांपैकी बहुतेक या संस्थांकडे आहेत.

या संस्थांच्या अधिकारांविषयी, निधीविषयी आणि निवडणुकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या सदस्यास कायद्याने दिलेल्या एका साध्या अधिकाराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो अधिकार म्हणजे सभागृहात प्रश्न विचारण्याचा. सदस्य एकटा असो, विरोधी पक्षाचा असो, प्रथमच निवडून आलेला असो. अध्यक्षांना आणि विषय समित्यांच्या सभापतींना जाब विचारण्यासाठी त्यास बहुमताची गरज नसते. ठरावास बहुमत लागते, प्रश्नास लागत नाही.

न विचारल्याचा परिणाम

हा अधिकार आपल्याकडे सहजासहजी आलेला नाही. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराचा कारभार सरकारनियुक्त जस्टिसेस ऑफ द पीस यांच्या मंडळाकडे आणि एका आयुक्ताकडे सोपविण्यात आला. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे गृहस्थ होते. शहर स्वच्छ झाले, रस्ते रुंद झाले, १८६९ मध्ये त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली. आणि त्याबरोबर नगरपालिका कर्जात बुडाली. १८७१ साली करदात्यांनी मोठे आंदोलन केले. सर्वांचा रोख आयुक्तांवर होता. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहता यांनी वेगळीच बाजू मांडली. एकट्या आयुक्तांस दोष देऊन भागणार नाही, ज्या मंडळाने त्यांच्यावर नियंत्रण ठेवावयाचे त्याने आपले काम केले नाही आणि अशा मंडळाच्या जागी करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी आले पाहिजेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची नगरपालिका स्थापन झाली आणि त्यांतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. कारभार करणारा कर्तबगार आहे म्हणून त्यास विचारणारा नको, हा समज किती महागात पडतो, हे त्या सहा वर्षांत शहराने अनुभवले होते.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून नेमले गेले. नेमणुकीने आलेला सदस्य सहसा मान डोलावतो. जोतीरावांनी तसे केले नाही. व्हाइसरॉयांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे म्हणून त्यांनी एकट्यानेच विरोधी मत दिले. मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चासही त्यांचा विरोध होता. ती इमारत पुढे १८८६ साली पूर्ण झाली आणि रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. कालांतराने आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीला मिळाल्याचे असे दुसरे उदाहरण सांपडणे कठीण.

‘काम प्रगतिपथावर आहे’

हा वारसा आज कसा चालविला जातो, हे पाहावयाचे तर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेस जाऊन बसावे. ही सभा सामान्यतः दर तीन महिन्यांनी होते. मागील सभेचे कार्यवृत्त कायम होते, पत्रव्यवहार वाचला जातो, मग सदस्यांचे प्रश्न येतात. प्रस्तुत लेखकास माहिती अधिकारी या नात्याने अशा अनेक सभांना पत्रकारांच्या बाकावर बसून उपस्थित राहावे लागले आहे. तेथे ऐकलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच साच्याचे असतात: ‘माझ्या गटातील अमुक योजना केव्हा पूर्ण होणार?’ उत्तरही ठरलेले असते: ‘काम प्रगतिपथावर आहे.’ सदस्य आवाज चढवितात, अध्यक्ष समजूत घालतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘सभा गाजली’ असा मथळा येतो. तीन महिन्यांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

यात अधिकाऱ्यांची लबाडीच असते असे नव्हे. प्रश्नच असा असतो की त्यास याहून नेमके उत्तर देण्याची कोणावर सक्ती होत नाही. ‘केव्हा’ या शब्दास अंदाजाने उत्तर देता येते. दिनांक, रक्कम आणि मोजमाप विचारले की कागद उघडावे लागतात.

एका डोंगरी तालुक्यातील पाणीपुरवठा योजनेच्या संदर्भात याचा प्रत्यय आला. विहीर झाली होती, उंच टाकी उभी होती, नलिका गाडल्या होत्या, चौकाचौकात नळकोंडाळी बांधली होती. पाणी मात्र नव्हते. योजना कागदोपत्री ‘अंतिम टप्प्यात’ होती आणि दोन वर्षे त्याच टप्प्यात होती. गावातील स्त्रिया उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रात झिरे खणून पाणी भरीत होत्या. त्या गटातून निवडून आलेल्या सदस्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. पहिल्या दोन सभांत त्यांनीही ‘केव्हा’ असेच विचारले. तिसऱ्या सभेपूर्वी त्या ग्रामसेवकांकडून, शाखा अभियंत्यांकडून कागद पाहून आल्या आणि त्यांनी लेखी प्रश्न दिला. विहिरीची मंजूर खोली किती व मोजमाप पुस्तिकेत नोंदलेली खोली किती? ठेकेदारास शेवटचे देयक कोणत्या दिनांकास अदा झाले? पंपासाठी वीजजोडणीचा अर्ज कोणत्या दिनांकास केला? कोटेशन किती रकमेचे आले आणि ते कोणत्या दिनांकास भरले?

शेवटच्या प्रश्नापाशी सभागृह थांबले. कोटेशन आले होते, भरलेच नव्हते. मूळ अंदाजपत्रकात वीजजोडणीसाठी धरलेली रक्कम अपुरी पडत होती. वाढीव रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून द्यावयाची याचा निर्णय न झाल्याने नस्ती दोन टेबलांच्या मध्ये पडून राहिली होती. लाखो रुपयांची योजना त्या मानाने किरकोळ रकमेसाठी अडून राहिली होती. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणी हेतुपुरस्सर अडविलेही नव्हते. ते कोणाचेच काम नव्हते, इतकेच. सदस्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच उपप्रश्न विचारला: “अध्यक्ष महोदय, हा निर्णय कोणी घ्यावयाचा आहे आणि तो पुढील सभेपूर्वी होईल काय, एवढे कार्यवृत्तात नोंदवावे.” अध्यक्षांनी संबंधित सभापतींकडे पाहिले. तोपर्यंत सारी उत्तरे कार्यकारी अभियंताच देत होते. त्या क्षणी सभापतींना उठून उत्तर द्यावे लागले.

प्रश्नाची घडण

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे की, सेवेविषयीचा प्रश्न कसा असावा याचे बरेचसे उत्तर त्यात आहे. कोणतेही सार्वजनिक काम एका साखळीतून जाते: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक, पूर्णत्वाचा दाखला आणि अखेरीस ते काम चालविणाऱ्याकडे हस्तांतरण. काम अडते ते यांपैकी एखाद्या कडीत. सदस्याने ती कडी शोधून तेथे बोट ठेवावयाचे असते. पुष्कळदा शेवटची कडी विसरली जाते. इमारत पूर्ण झाली, दाखला निघाला, फीत कापली गेली. पण परिचारिकेचे पद मंजूर नाही म्हणून उपकेंद्रास कुलूप.

मापदंड ठाऊक असणे हीदेखील प्रश्न विचारणाऱ्याची मोठी शिदोरी होय. सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५,००० व ३,०००. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार इयत्ता पहिली ते पाचवीसाठी सर्वसाधारणपणे तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी. ‘आमच्या गावाला पाणी कमी येते’ ही तक्रार झाली. ‘टाकीची क्षमता, दररोज पंप चालण्याचे तास आणि लोकसंख्या पाहता दरडोई किती लिटर पाणी मिळते?’ हा प्रश्न झाला.

महानगरपालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमात प्रश्नांवर काही बंधने घातली आहेत. प्रश्नाची सात दिवस आधी लेखी सूचना द्यावी. त्यात युक्तिवाद, उपरोध, विशेषणे वा बदनामीकारक विधाने नसावीत. मत विचारू नये, काल्पनिक परिस्थितीवर उत्तर मागू नये. प्रथमदर्शनी ही मुस्कटदाबी वाटते. वस्तुतः ती प्रश्नाच्या लेखनाची उत्तम पाठशाळा आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्याने स्वतःहून ती पाळल्यास त्याचाच लाभ होईल. उपरोधाने टाळ्या मिळतात आणि उत्तर देणाऱ्यास सुटकेची वाटही मिळते. तो आकड्यांऐवजी अपमानाबद्दल बोलू लागतो.

अधिकारीवर्गासही येथे दोन शब्द सांगणे अगत्याचे वाटते. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे वाक्य एका सभेत क्षम्य आहे, दुसऱ्या सभेत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे सामान्य नागरिकासही तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. निवडून आलेल्या सदस्यास तीन महिने थांबविण्याचे समर्थन करता येणार नाही. ज्या कार्यालयात उत्तरे वेळेवर जातात तेथील काम सुलभ होते, हाही अनुभव आहे. प्रश्नाच्या निमित्ताने खालच्या टेबलावर अडकलेला कागद वर येतो. खातेप्रमुखास तो एरवी दिसला नसता. उत्तराचा मसुदा लिपिकावर न सोडता खातेप्रमुखाने स्वतः वाचावा.

सभापतींची गोष्ट मात्र वेगळी आहे. माहिती अधिकाऱ्याने पुरवावी, उत्तर पदाधिकाऱ्याने द्यावे, हा लोकनियुक्त संस्थेचा संकेत. प्रत्यक्षात कित्येक सभागृहांत सभापती शेजारी बसून ऐकतात आणि अधिकारी एकटाच सदस्यांच्या रोषास तोंड देतो. निधी कोठे द्यावयाचा हे ज्याने ठरविले त्यानेच तो तेथे का दिला हे सांगितले पाहिजे. अधिकाऱ्यास ते सांगता येत नाही, आणि सांगावे लागू नये.

उत्तरानंतर

प्रश्नाला उत्तर मिळाले की सदस्य समाधानाने खाली बसतात, ही सर्वांत मोठी उणीव होय. सभेत दिलेले आश्वासन कार्यवृत्तात आले नाही तर ते दिलेच गेले नाही, असे समजावे. म्हणून पुढील सभेत कार्यवृत्त कायम होताना ते बारकाईने वाचणे, आपल्या प्रश्नाचे उत्तर जसेच्या तसे नोंदले आहे काय हे पाहणे आणि अनुपालन अहवाल मागणे, ही कामे नीरस असली तरी टाळता येणारी नाहीत. अनेक सदस्य कार्यवृत्ताचा गठ्ठा घरी नेतात. तो तेथेच राहतो.

२०११ पासून राज्यातील पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाण्याचे, अंगणवाडीच्या आहाराचे, शाळेच्या शौचालयाचे प्रश्न नेमकेपणाने विचारण्यात स्त्री-सदस्या पुरुषांच्या पुढे आहेत, असे निरीक्षणान्ती वाटते. पाण्याच्या रांगेत कोण उभे राहते, हे लक्षात घेतल्यास त्यात नवल नाही. त्यांच्या वतीने ‘हे’ बोलतात ती सभागृहे अर्थातच या विधानास अपवाद.

मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणविषयक वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि दीर्घ काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. कामे थांबली नाहीत. काही ठिकाणी ती अधिक वेगाने झाली. परंतु प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असल्याने सभागृहात विचारणारा कोणी उरला नाही. त्या काळात प्रश्नांची जागा राहिली ती ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या परिचित दिवशी भरणाऱ्या ग्रामसभांत सदस्यच नव्हे तर प्रत्येक मतदार सरपंचास खर्चाचा तपशील विचारू शकतो. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना एखाद्या ग्रामसभेस अवश्य न्यावे.

त्या डोंगरी तालुक्यातील योजनेचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. कोटेशन पुढील सभेपूर्वी भरले गेले. विद्युत खांब उभे राहण्यास आणखी काही महिने लागले आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यापूर्वी गावठाणात व खालच्या वाडीत नळाला पाणी आले. वरची वाडी टाकीच्या पातळीपेक्षा उंचावर आहे; तेथे ते चढले नाही. त्यानंतरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्याच सदस्यांचा लेखी प्रश्न होता: वरच्या वाडीची आणि टाकीच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेक्षणाच्या वेळी किती नोंदली होती, आणि ते सर्वेक्षण कोणत्या दिनांकास झाले?