बेस ॲम्प घेताय? अर्धे पैसे कॅबिनेटसाठी ठेवा

ऑर्केस्ट्रात, चर्चच्या बँडमध्ये किंवा कॉलेजच्या रॉक ग्रुपमध्ये बेस वाजवणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा बरी रक्कम आली की ती बहुतेक वेळा वॅटच्या आकड्यावर खर्च होते. 500 वॅटचे हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, घेतले जाते आणि उरल्या पैशांत मिळेल ते स्पीकरचे कॅबिनेट त्याखाली येते. प्रत्यक्षात आवाज स्पीकरमधून येतो. म्हणून हेड आणि कॅब वेगवेगळे घेणार असाल, तर निम्मे बजेट कॅबसाठी आधी बाजूला काढा, मग हेड बघा.

यामागचे गणित साधे आहे. ॲम्पची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आता दोन कॅबिनेटांच्या माहितीपत्रकातली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत कॅब किती आवाज देते ते, पाहा. एकाची 97 डेसिबल आणि दुसऱ्याची 100 असेल, तर दुसऱ्या कॅबवर 250 वॅटचे हेड पहिल्यावरच्या 500 वॅटइतका आवाज देते. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कधी छापत नाहीत. तो मागून घ्या.

आता पैसे. इथले आकडे नव्या मालाचे आणि ढोबळ आहेत. जवळपास सगळा माल आयात होतो, त्यामुळे डॉलर हलला की भाव हलतो. सांगितलेल्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार, हे आधी विचारा.

घरच्या सरावासाठी 15 ते 30 वॅटचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, दहा ते वीस हजारांत येतो. फेंडर रम्बल 25 आणि ॲम्पेग रॉकेट बेस 108 याच वर्गातले. फ्लॅटमध्ये यापेक्षा जास्त लागत नाही, पण ड्रमर वाजवायला बसला की हे ॲम्प ऐकू येणार नाहीत. ज्याला वर्षभरात बँडमध्ये वाजवायचे आहे, त्याने ही पायरी वगळावी.

बहुतेकांचा व्यवहार खरा ठरतो तो 40 ते 100 वॅटमध्ये, साधारण पंचवीस ते साठ हजारांत. रम्बल 40 मध्ये दहा इंची आणि रम्बल 100 मध्ये बारा इंची स्पीकर आहे. वजन अनुक्रमे आठ आणि दहा किलोच्या आसपास, म्हणजे लोकलच्या गर्दीतूनही नेता येतील. दोन्हींना मागे एक्सएलआर लाइन आउट आहे आणि आपल्याकडच्या कार्यक्रमांसाठी ती सोय फार मोलाची आहे. गणपती-नवरात्रातल्या स्टेजवर प्रेक्षकांपर्यंत बेस पोहोचवण्याचे काम साउंडवाल्याच्या पीएचे असते. तुमचा ॲम्प तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावा, एवढेच त्याचे काम. लाइन आउटमधून वायर मिक्सरला गेली की 40 वॅटसुद्धा पुरतात.

ॲम्पेगची रॉकेट बेस मालिका याच किमतीत रम्बलला थेट टक्कर देते. तिच्या आवाजात मधला पट्टा भरीव आहे आणि हलकी खरखर आणायला वेगळे बटण दिलेले आहे. जुन्या हिंदी गाण्यांची बेसलाइन वाजवणाऱ्याला ती आवडेल. ऑरेंजचा क्रश बेस 50 रॉक वाजवणाऱ्यांसाठी. त्यात ट्यूनर बसवलेला आहे आणि गेन वाढवला की तो मनापासून गुरगुरतो. तिन्हींतला एकच निवडायचा झाला तर मी रम्बल 100 घेईन. आवाजात तो सगळ्यांत साधा आहे, पण कुठल्याही गाण्यात बसतो आणि उचलायला हलका आहे.

याच्या वर रम्बल 500 हा फार हिशेबी कॉम्बो आहे. दोन दहा इंची स्पीकर आणि वजन साडेसोळा किलो. मात्र नावातले 500 वॅट एकट्या कॉम्बोतून मिळत नाहीत. आतले स्पीकर 8 ओहमचे असल्याने एकटा असताना तो 350 वॅट देतो आणि बाहेरून 8 ओहमची आणखी एक कॅब जोडली की 500. ही फसवणूक नव्हे, आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक हेडचे असेच असते. मार्कबासचे लिटल मार्क 4 ओहमला 500 आणि 8 ओहमला 300 वॅट देते. अग्विलारचे टोन हॅमर 500 हे 8 ओहमला 250 वर येते. डब्यावरचा मोठा आकडा 4 ओहमचा असतो, हे लक्षात ठेवा.

तरी त्या आकड्यासाठी घाईने 4 ओहमची कॅब घेऊ नका. 300 आणि 500 वॅटमध्ये फरक दोन-सव्वादोन डेसिबलचा. 8 ओहमची एक कॅब घेतली तर पुढे तशीच दुसरी जोडता येते. दोन्ही मिळून 4 ओहम होतात, पूर्ण वॅट मिळतात आणि स्पीकर दुप्पट झाल्याचा फायदा वेगळा. 4 ओहमची कॅब घेतली की वाट तिथेच संपते, कारण तशा दोन मिळून 2 ओहम होतात आणि बहुतेक हेड 4 ओहमच्या खाली चालवायचे नसतात. तसे चालवले तर हेड तापून बंद पडते किंवा जळते. मार्कबासची ट्रॅव्हलर 102 पी ही कॅब 8 आणि 4 अशा दोन्ही ओहममध्ये मिळते, तेव्हा मॉडेलच्या नावावर न जाता मागची पट्टी वाचून घ्या.

हेड आणि कॅब असा जोड नवा घेतला तर ऐंशी हजार ते दीड-पावणेदोन लाख लागतात. ब्रँडांची तुलना खरी इथे सुरू होते. इटलीतल्या मार्कबासचा आवाज स्वच्छ आणि चपळ आहे, स्लॅप वाजवणाऱ्याची बोटे त्यात नीट ऐकू येतात. न्यूयॉर्कच्या अग्विलारचा आवाज उबदार आणि गोल. फिनलंडचे डार्कग्लास मेटल वाजवणाऱ्यांचे आहे. डिस्टॉर्शन लावूनही खालचा सूर हरवत नाही, ही त्याची खरी करामत. ही तिन्ही हलकी क्लास डी हेड आहेत, बेसच्या बॅगेच्या खिशात मावतील अशी. माझे मत सांगायचे तर हेडमधला फरक इक्वलायझर फिरवून बराच भरून काढता येतो, कॅबमधला येत नाही. म्हणून हेड मधल्या किमतीचे चालेल, कॅबमध्ये काटकसर नको.

आणि तो मोठा ॲम्पेग? एसव्हीटी 1969 मध्ये आला, 300 वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला आणि त्याचे नाव झाले. आजचे एसव्हीटी-सीएल हेड 36 किलोंच्या आसपास, खालची आठ स्पीकरांची कॅब 63 किलोंच्या वर. एकूण शंभर किलो. भारतात नवा संच घ्यायचा म्हटला तर हिशेब चार लाखांच्या घरात जातो. त्यावर प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पो आणि दोन माणसे, शिवाय पॉवर स्टेजचे सहा व्हॉल्व्ह कधीतरी बदलावे लागतील तो खर्च वेगळाच. बेसच्या मोकळ्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा. या सुप्रसिद्ध कॅबचा आवाज मात्र 58 हर्ट्झच्या खाली उतरू लागतो आणि 40 हर्ट्झला 10 डेसिबलने कमी झालेला असतो. तरीही ती छातीत धडकते, कारण आपल्या कानाला बेस जाणवतो तो बराचसा वरच्या उपस्वरांतून. यातून घेण्यासारखे एवढेच: ‘30 हर्ट्झपर्यंत जाते’ अशा दाव्यावर जास्तीचे पैसे मोजू नका. एसव्हीटीचा आवाज हवाच असेल तर मोठ्या स्टेजसाठी भाड्याने घ्या किंवा तो असलेला जॅमरूम गाठा.

अमेरिकेतल्या भावाकडून, मावशीकडून ॲम्प मागवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. रम्बल 100 तिकडे चारशे डॉलरच्या आसपास मिळतो, म्हणून मोह होतो. पण तिकडचा कॉम्बो 120 व्होल्टवर चालतो. तो आपल्या 230 व्होल्टला थेट लावला तर गेला. वेगळा ट्रान्सफॉर्मर, विमानाचे सामान, कस्टम आणि इथे लागू न होणारी वॉरंटी धरली तर बचत उरत नाही. मागच्या पट्टीवर 100 ते 240 व्होल्ट छापलेले हलके हेड तेवढे मागवण्यासारखे. कॅब तिकडून मुळीच आणू नका.

जुना माल निम्म्या-पाऊण किमतीत मिळतो आणि बेसच्या कॅबमध्ये तो बऱ्याचदा चांगला निघतो. घेण्याआधी मोकळी ई तार मोठ्या आवाजात लांबवर वाजू द्या. स्पीकर घरघरला किंवा खोक्यातून खडखड आली तर सोडून द्या. कोकणात आणि गोव्यात वापरलेल्या ॲम्पचे जॅक आणि स्क्रू नीट तपासा, खाऱ्या हवेने गंजलेले असतात. नुसती बटणे करकरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने काम होते. जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर ॲम्प लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळचा जाणकार कारागीर दुरुस्त करू शकतो. क्लास डी हेडचा मात्र बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. तेव्हा ते घेताना बोर्ड भारतात मिळतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

दोन खर्च लोक विसरतात. हेड आणि कॅबमध्ये स्पीकर केबलच हवी. गिटारची वायर आतून बारीक असते, ती तापते आणि हेड घेऊन जाते. चांगली स्पीकॉन केबल हजार-दोन हजारांत येते. दुसरा खर्च अर्थिंग तपासायच्या टेस्टरचा, तोही काही शेकड्यांचाच. हॉलमध्ये गुणगुण आली म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. लाइन आउटजवळचे ग्राउंड लिफ्ट बटण त्याच कामासाठी दिलेले आहे. अर्थ नसलेल्या ॲम्पला जोडलेला बेस हातात आणि ओठ माइकला लागले, तर जिवावर बेतते.

मुंबईत धोबी तलावचे फुर्टाडोज असो की तुमच्या गावचे दुकान, ॲम्प ऐकायला जाताना स्वतःचा बेस घेऊन जा. दोन्ही ॲम्पचे सगळे इक्वलायझर मध्यावर ठेवा, एकच गाणे दोन्हींवर वाजवा आणि आवाज बँडइतका मोठा करू द्या असा आग्रह धरा. तेवढे करू न देणाऱ्या दुकानात पैसे देऊ नका.