घाई घरी ठेवून जा

चि. ईश्वरीस,


तुझा मेल मिळाला. मेच्या शेवटी ॲल्गॉन्क्विन पार्कात एकटीनेच कॅनू घेऊन जायचं ठरवलंयस आणि ‘मामा, नाही म्हणू नकोस’ अशी तंबीही वर दिलीयस. नाही म्हणत नाही. पोहायला येतं, वल्हं मारता येतं, मागच्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर जाऊनही आलीस. पण चौघी असल्या की एकीला भूक लागते, दुसरीचे पाय दुखतात, मग सगळ्याच टेकतात. एकटीला टेकायला लावणारं कुणी नसतं. अस्वलापेक्षा मला धास्ती आहे ती तुझ्या घाईची.

आता नकाशा समोर घे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायच्या पायवाटा, म्हणजे पोर्टेज, त्यावर लाल रेघांनी दाखवल्यात आणि प्रत्येकीची लांबी मीटरमध्ये लिहिलीय. ‘कॅनू लेक’वरून ‘जो लेक’कडे जाणारा पहिला पोर्टेज जेमतेम तीनशे मीटरचा, रुंद आणि सोपा. त्यावरून पुढच्यांचा अंदाज बांधू नकोस. एका खेपेत कॅनू आणि सगळं सामान तुला झेपणार नाही, झेपवायचा हट्टही करू नकोस. म्हणजे आधी पाठपिशवी पलीकडे ठेवायची, रिकाम्या हाताने परत यायचं, मग कॅनू न्यायची. एक किलोमीटरचा पोर्टेज तुझ्यासाठी तीन किलोमीटरचा झाला. दिवसाचा हिशेब याच आकड्याने कर. पहिली खेप पिशवीचीच असू दे. चिखल कुठे आहे, मुळं कुठे वर आलीत, वळण कुठे आहे, हे तेव्हा दिसतं. कॅनू खांद्यावर उलटी घेतली की समोरची चार पावलं सोडून काही दिसत नाही.

मेच्या शेवटी काळ्या माश्या ऐन भरात असतात. दोन्ही हात कॅनूच्या काठांना, आणि माश्या कानामागे, मानेवर, केसांच्या मुळाशी निवांत चावत बसतात. हाकलायला हात सोडलास तर तोल जातो. त्यासाठी डोक्यावरून ओढायची जाळी घे आणि वाटेला लागण्यापूर्वीच ती घाल. अर्ध्या वाटेत दमलीस तर कॅनूचं टोक एखाद्या दणकट झाडाच्या दुबेळक्यात टेकव आणि खालून बाहेर ये. पुन्हा जमिनीवरून उचलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

भाड्याने दोघांची कॅनू मिळाली तर पुढच्या बैठकीवर उलटं तोंड करून बस, म्हणजे मध्याच्या जवळ येशील. पिशवी समोर ठेव. मागच्या टोकाला एकटीच बसलीस तर पुढचं नाक हवेत उचलतं आणि वारा ते नाक हवं तिकडे फिरवतो. वारा दुपारी वाढतो, त्यामुळे मोठी तळी सकाळी लवकर पार करायची, तीही किनाऱ्याच्या कडेने. पांढऱ्या लाटा दिसल्या तर तंबू सोडायचा नाही, मग अख्खा दिवस गेला तरी चालेल. म्हणूनच रजा एका दिवसाने वाढवून घे.

बर्फ वितळून तेव्हा जेमतेम महिना झालेला असतो. अशा पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला साधारण एक मिनिट लागतं, हातपाय कामाचे राहतात ते दहाएक मिनिटं, शुद्ध हरपायला तासभर. पहिल्या मिनिटात लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच पुढच्या आकड्यांना अर्थ आहे. कायद्याने ते कॅनूत असलं तरी पुरतं. माझ्या कायद्याने ते तुझ्या अंगावर, बकल लावलेलं. १९१७च्या जुलैत चित्रकार टॉम थॉमसन याच कॅनू लेकवर गेला आणि आठवड्याभराने त्याचं प्रेत सापडलं. तो तर पार्कात वाटाड्याचं काम करायचा. काय घडलं यावर लोक अजून वाद घालतात. तो वाद त्यांना घालू दे, तू जॅकेट घाल.

मासेमारीबद्दल विचारलंयस. वेळ उत्तम निवडलीस. लेक ट्राउट उन्हाळ्यात थंडाव्यासाठी खोल जातो, मेमध्ये मात्र वरच्या पाण्यात सापडतो. वल्हवताना मागे चमचा-गळ ओढत ठेवलास तरी लागेल. पण मासा लागला की तू वल्हं सोडतेस आणि कॅनू वाऱ्याला आडवी होते. वारा असेल तेव्हा किनाऱ्यावरच्या खडकावरूनच गळ टाक. मासा कॅनूत घेताना काठावरून वाकायचं नाही, मांडीजवळ आणायचा. गळाचे काटे पक्कडीने आधीच दाबून टाक. बोटात रुतला तर काढायला दुसरं कुणी नाही. जिवंत माशांचं आमिष पार्कात चालत नाही. परवाना आणि दिवसाला किती मासे घेता येतात ते निघण्यापूर्वी बघून ठेव. एक मासा पुरतो. तंबूपासून लांब साफ कर, रव्यात घोळवून तळ आणि कढईचा वास रात्रीपर्यंत राहू देऊ नकोस. उरलेलं अन्न, टूथपेस्टसकट, झाडावर उंच टांग.

पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या यांना पार्काच्या आतल्या भागात बंदी आहे, तेव्हा आईने पाठवलेलं लोणचं प्लास्टिकच्या डबीत काढून घे. त्याशिवाय तू जेवणार नाहीस हे मला माहीत आहे.

तिथे फोनला रेंज मिळेल असं धरू नकोस. सॅटेलाइट मेसेंजर माझा घेऊन जा, रोज संध्याकाळी एक ओळ पाठव. कुठून पाण्यात उतरणार, कुठल्या तळ्यावर कुठली रात्र आणि गाडीचा नंबर, एवढं या शुक्रवारपर्यंत मला लिहून पाठव. परतायच्या दिवशी रात्री नऊपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर मी ऑन्टारिओ पोलिसांना फोन करणार आहे. उशीर होणार असेल तर आधी कळव.

तुझा,
मामा